क्रुगच्या माळावरचे मीठ

मी, रुझा क्रिष्टो, कै. शिमुन क्रिष्टो यांची पत्नी, राहणार लिव्नोजवळील वरची वाडी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. मनाचे त्यांनी विचारले नाही. मुलगा झ्वोन्को गेल्यापासून ते बधिरच आहे.

राहते घर, आलूबुखाऱ्याची बाग आणि दारू गाळायचे भांडे माझी सून सेंका हिला द्यावे. भांड्याच्या फुटक्या तळाला डाक दिलेला आहे. आच मंद ठेवावी.

ट्रॅक्टर भंगारात घालावा. तो घेतला त्या साली शिमुनने आमची घोडी डोरा हिला क्रुगच्या माळावर सोडून दिले. सगळ्या गावानेच आपापले घोडे सोडले. त्यांनी जन्मभर आमची लाकडे ओढली, बर्फातून बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, आणि आम्ही काही खाल्ल्या मिठाला जागलो नाही. मरतील, असे वाटले होते. मेले नाहीत. लांडगे, थंडी, लढाई, सगळ्यातून आपल्या बळावर वाढले. आता लांबून लोक येतात, फोटो काढतात, 'रानटी' म्हणतात. म्हणू देत. पण या घोड्यांना मान द्यावा आणि जपावे. आमच्याकडे काही न मागता ते जगले आहेत.

झ्वोन्को माळावरच्या रस्त्यावर गेला. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकतात, आणि ते चाटायला घोडे उतरतात. धुके होते. वळणावर त्याची गाडी एका घोडीवर आदळली. घोडीही मेली, तोही.

मातीला आलेला माझा दीर स्तिपो म्हणाला, "वहिनी, तुझं पोर खाल्लं गं त्यांनी! तुझ्या कुरणाला कुंपण घालू, सगळे कोंडू आणि देऊ खाटकाला."

"त्यानं झ्वोन्को परत येणार आहे का?"

"नाही. पण तुला बरं तरी वाटेल."

"मला काहीच वाटत नाही, स्तिपो. कॉफी पी, गार होतेय."

त्या घोडीचे शिंगरू वळणावरच उभे होते, रस्ता चाटत. गाड्या भोंगे वाजवत होत्या. मला त्याची माया आली नाही, रागही आला नाही. घरातले मीठ ओच्यात घेतले आणि कुरणाकडे चालू लागले. ते मागोमाग आले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी मीठ वर नेते. घोडे आता रस्त्यावर फारसे येत नाहीत.

म्हणून माळावरचे झऱ्याचे कुरण सेंकाला देते, पण अटीवर. ते विकू नये, कुंपण घालू नये, घोडे धरायला कोणाला पाऊल ठेवू देऊ नये. रस्त्यावर मीठ पडायच्या आत तिथे मीठ पडले पाहिजे. सेंका, तुला त्यांचं तोंड बघवत नाही, ठाऊक आहे मला. बघू नकोस. टाक आणि ये.

वळणावर झ्वोन्कोचा दगड बसवायचा राहिला आहे. त्यावर फोटो नको. "सावकाश. पुढे घोडे आहेत," एवढे कोरावे, आणि खाली त्याचे नाव.

दीर स्तिपो याला काहीही ठेवलेले नाही. त्यामुळे तो साक्षीदार म्हणून चालतो, असे नोटरीबाई म्हणतात.

लिव्नो, ९ नोव्हेंबर २०२२
सही: रुझा क्रिष्टो

साक्षीदार:
१. माटिया लोव्रिच, शेजारी
२. स्तिपो क्रिष्टो, दीर

(सही करताना दुसऱ्या साक्षीदाराने विचारले, "वहिनी, मीठ जाडं लागतं की बारीक?" जाडे, असे सांगितले. नोंद असावी.)