हिरवीची खुशाली

जळगाव,
दि. १८ एप्रिल

आदरणीय आयु. रुपचंदभाऊ अहिरे, धुळे, यांना व्याही देवचंद बिऱ्हाडे याचा सविनय जय भीम. विहीणबाईंनाही आम्हा दोघांचा जय भीम सांगावा.

आपला गुडघा आता कसा आहे? मागच्या भेटीत जिना उतरताना तुम्ही कठड्याला धरून थांबला होता, तेव्हाच मी ओळखलं होतं, पण विहीणबाई समोर असल्यामुळे बोललो नाही. आम्ही इकडे ठीक आहोत. ऊन चव्वेचाळीसवर गेलं आहे आणि कलाबाईने पापड घातले आहेत, म्हणजे गच्चीवर जायला मला बंदी आहे. शिल्पाला नववा लागला. तिचे पाय सुजतात असं प्रशील म्हणत होता. पायाखाली उशी ठेवायला सांगा. (मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, तेव्हा नवव्या महिन्यातल्या सुजेबद्दल मला बरंच कळतं, पण कोणत्या पेशंटवरून कळतं ते तिला सांगू नका.)

व्याह्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तुमचं व्हॉट्सॲप शिल्पाच उघडून देते. मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर एकदम पडू नये, म्हणून पोस्टातून पाकीट आणवलं. हे पत्र कृपया एकट्याने वाचा. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांबा, पण कोणाकडून वाचून घेऊ नका.

विषय टाकीचा आहे. आमच्या हॉलमधली चार फुटी समुद्राच्या पाण्याची टाकी तुम्ही पाहिली आहे. लग्नानंतर सहा महिन्यांनी शिल्पाने ती मांडली, तेव्हा जळगावात समुद्र कशाला म्हणून सर्वात जास्त बोललो तो मीच. आता ते बोलणं आठवतं. मुलगी प्राणिशास्त्र शिकवते, कॉलेजातून दमून येते आणि चहाचा कप घेऊन तासभर त्या काचेसमोर बसते, हे पाहून मीही हळूहळू शेजारी बसायला लागलो. नारंगी-पांढऱ्या माशांची जोडी आणि दगडावरचं ते हिरवं कोरल. ते तिने नखाएवढा तुकडा लावून तीन वर्षांत ओंजळीएवढं वाढवलं होतं. त्याला ती ‘हिरवी’ म्हणायची. हिरवी सकाळी फुलायची, संध्याकाळी मिटायची आणि पंपाच्या लाटेत डोलायची. बाळंतपणासाठी धुळ्याला निघताना शिल्पाने टाकीच्या देखभालीची वही माझ्या हातात दिली. प्रशील मागेच उभा होता, तरी माझ्याच हातात दिली. म्हणाली, “पप्पा, तुमचा हात हलका आहे.” रुपचंदभाऊ, सरकारने मला निरोपाला शाल-श्रीफळ दिलं होतं, पण असं वाक्य कोणी दिलं नव्हतं. वहीच्या पहिल्याच पानावर तिने लाल पेनाने लिहिलं होतं: नवीन काही दिसलं तर हात लावण्याआधी मला फोटो पाठवा. मी ते पान रोज वाचायचो.

फेब्रुवारीत एका दगडाच्या फटीतून एक बारकंसं फूल वर आलं. शर्टाच्या गुंडीएवढं, तपकिरी, काचेसारखं, भोवती नाजूक पाकळ्या. बोट जवळ नेलं की झटकन आत. मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, माझ्या देखरेखीखाली दगडाला फूल आलं! फोटो पाठवायचा होता, पण मनात आलं, आणखी दोन येऊ द्या, मग एकदम पाठवू आणि पोरीला चकित करू. (इथेच माझी पहिली चूक झाली. पुढच्या चुका मोजायला तुम्हाला त्रास नको म्हणून ही पहिली तेवढी सांगून ठेवतो.) मी सिरिंजने त्याला कोळंबीचा बारीक चुरा भरवायला लागलो. शेजारच्या तायडे गुरुजींना बोलावून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण ते हॉलमधल्या प्रत्येक वस्तूला तशीच मान डोलावतात.

कलाबाई तेवढी काचेसमोर वाकून बराच वेळ पाहत राहिली. तिचं बालपण पारोळ्याजवळ शेतात निंदणी करण्यात गेलं. ती म्हणाली, “हाई फूल नही शे. हाई तण शे. आनि तुम्ही तेले खावाडी राह्यनात!”

मी म्हटलं, “समुद्रात कुठलं आलं तण?”

“न सांगता उगस, मुकाट वाढस, ते तण,” असं म्हणून ती कणीक मळायला गेली.

महिन्याभरात एकाचे सात झाले आणि सातांचे चाळीस. दगडांवर, काचेवर, पंपाच्या जाळीवर, जिथे पाहावं तिथे तीच तपकिरी फुलं. हिरवीच्या अंगाला दोन टेकली होती आणि त्या बाजूने ती फुलेनाशी झाली. तेव्हा मी मोबाईलमध्ये फोटो घेऊन माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार चंदन फक्त गोल्डफिश विकतो, पण भला माणूस. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, हे एप्टेशिया. समुद्री टाकीतली कीडच म्हणा. विषारी सोंडांनी कोरल जाळतात. तुम्ही यांना खायला तर घालत नाही ना?” मी खोकलो.

त्याच वेळी शिल्पाला फोन करायला हवा होता. एवढं एकच करायला हवं होतं. पण फोन करायचा म्हणजे सांगावं लागणार की लाल अक्षरातलं पान मी पाळलं नाही आणि वर त्या किडीला महिनाभर कोळंबी चारली. ज्याच्या हाताला ती हलका म्हणाली त्याच हाताने. म्हटलं, आधी निस्तरू, मग हसत हसत सांगू. चाळीसगाव तालुक्यात मी खुराला कीड लागलेले बैल सरळ केले आहेत, गुंडीएवढ्या फुलाचं काय ते!

आधी ब्लेड घेतलं आणि एकेक फूल बुडापासून खरवडलं. तीन दिवस टाकी स्वच्छ. मी मिशीवरून हात फिरवला. आठव्या दिवशी कळलं की या प्राण्याचा जेवढा कण दगडाला चिकटून राहतो किंवा पाण्यात सुटतो, त्या प्रत्येकाचा नवा प्राणी होतो. म्हणजे मी कीड काढली नव्हती, कलमं लावली होती. मग चंदनने मुंबईहून पट्ट्यापट्ट्यांच्या चार कोळंब्या मागवून दिल्या. त्या हे एप्टेशिया खातात म्हणे. पिशवीतून सोडल्या त्या दगडाआड गेल्या आणि माशांचं खाणं टाकलं की तेवढ्यापुरत्या बाहेर यायच्या. पोट आयतं भरत असताना कडू फूल कोण खाईल? त्यांना मी दोष देत नाही. सरकारी नोकरीत मी असे पुष्कळ पाहिले आहेत.

त्यानंतर चुना आला. एका व्हिडिओत सांगितलं होतं की चुन्याची पातळ पेस्ट सिरिंजने त्या फुलाच्या तोंडात सोडली की ते आतून खलास होतं. सिरिंज आणि चुना! भाऊ, माझ्यासाठीच कोणी उपाय शोधला होता असं वाटलं. कोपऱ्यावरच्या टपरीवरून पानाला लावायचा चुना आणला. पंप बंद केला, श्वास रोखला आणि तीन फुलांना एकेक थेंब दिला. संध्याकाळपर्यंत तिन्ही विरघळून गेली. बाकी कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. तीही गेली. त्या व्हिडिओतल्या माणसाने एका दिवसात एवढीच करा असं बजावून सांगितलं होतं. मी तेवढीच करत राहिलो असतो तर आज तुम्हाला पत्रात फक्त पापडांबद्दल लिहिलं असतं.

पण सहा तारखेला रविवार होता, प्रशील मित्राच्या साखरपुड्याला साक्रीला गेला होता आणि माझा हात बसला होता. जयंतीला पाहुणे येणार, त्यांच्यासमोर टाकी स्वच्छ हवी, असंही मनात होतं. दुपारी जेवून बसलो आणि एका बैठकीत सगळ्या टाकीला लस टोचली. साठ की सत्तर, मोजले नाहीत. लाळ्या-खुरकुताच्या मोहिमेत अख्खं गाव एका दिवसात उरकायचो तो जुना जोर अंगात आला. मान वर केली तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. मासे वर येऊन तोंड उघडत होते. कलाबाई धावत आली. “काय करी राह्यनात तुम्ही? बठ्ठं पानी धवळं व्हयी गयं!” मला पंप पुन्हा सुरू करायचंही सुचलं नाही. तो तिनेच सुरू केला. मीठ मिसळून तयार ठेवलेलं पाणी वहीत लिहिल्याप्रमाणे पिंपात होतं. दोघांनी बादल्यांनी जुनं काढून नवं घातलं. म्हशीचं रेडकू आडवं आलं तेव्हाही मी कधी एवढा गोंधळलो नव्हतो.

जोडीतला लहान मासा गेला. मोठा वाचला, पण दिवसभर पंपाशी उभा राहतो. कोळंब्या दगडाआडून बाहेर आल्या नाहीत. हिरवी दोन दिवस मिटून राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा लगदा होऊन पाण्यात सुटायला लागला आणि खाली पांढरा सांगाडा उरला. माशाला मी अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी पुरलं. एप्टेशिया साधारण निम्मे गेले. उरलेले तब्येतीत आहेत.

हेही कदाचित सांगता आलं असतं. पण शिल्पाचा रोज संध्याकाळी साडेसहाला फोन येतो. आधी आमच्या गोळ्यांची चौकशी, मग, “पप्पा, हिरवी कशी आहे?” आणि मी म्हणतो, “मजेत.” पहिल्या दिवशी म्हटलं ते तिचा रक्तदाब वाढू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी म्हटलं ते पहिल्या दिवशी म्हटलं होतं म्हणून. मग ती फोटो मागायला लागली, तर मी जानेवारीतले जुने फोटो पाठवायला लागलो, रोज एक. ती लिहिते, “छान आलाय फोटो, पप्पा.” जनावर दगावलं की मालकाच्या दारात उभं राहून तोंडावर सांगायचं, ही माझी नोकरीतली शिस्त होती. आडबाजूने निरोप कधी पाठवला नाही. आणि घरच्या मुलीला सांगायची वेळ आली तर मी बारा दिवस तोंड लपवतो आहे. मासा गेल्याचं दुःख आहेच, पण माझी मान खाली आहे ती या बारा दिवसांमुळे.

तेव्हा भाऊ, एवढी कृपा करा. बाळंतपण सुखरूप पार पडू द्या, मग योग्य वेळ पाहून तुम्ही बाप म्हणून तिला सगळं सांगा. माझी बाजू मांडू नका. यापुढे मी तिच्याशी एक अक्षर खोटं बोलणार नाही, हे मात्र जरूर सांगा.

कळावे, लोभ आहे तो राहावा.

आपला,
देवचंद बिऱ्हाडे

ता. क. १ : शिल्पाने दिवाळीत हिरवीचा एक तुकडा तुमच्या धुळ्यातल्याच, देवपुरातल्या तिच्या मैत्रिणीला, पुनम मॅडमना, दिला होता. त्यांच्याकडून नखाएवढा तुकडा गुपचूप मागून, थर्मासात घालून, जळगावच्या पहिल्या बसने स्वतः आणलात तर शिल्पा परत यायच्या आत मी तो त्याच दगडावर लावून ठेवीन. आकार एवढा लहान कसा, असं तिने विचारलंच तर तिच्या आठवणीत वाळली असं म्हणता येईल. हे खोटं बोलणं होत नाही. थर्मास कोरडा नसावा, चहाचा तर मुळीच नसावा.

ता. क. २ : पाकीट चिकटवलेलं फाडून हे लिहितो आहे. कलाबाईने मला विचारलं, एवढं काय लिहिताय दुपारपासून. मी सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, “तिले ठाऊक शे. मी त्याच दिन सांगी दिधं.” मी म्हटलं, मग शिल्पा काय म्हणाली? तर म्हणे, शिल्पा आधी रडली, आणि मग म्हणाली, “मम्मी, पप्पांना काही बोलू नका. ते स्वतःच सांगतील.”

म्हणजे बारा संध्याकाळी ती मला विचारत होती आणि बारा संध्याकाळी मी मजेत म्हणत होतो.

तेव्हा पुनम मॅडमकडे जाऊ नका. तिला सांगायची कामगिरीही तुमच्याकडून काढून घेतो. आज साडेसहाची वाट न पाहता मीच फोन लावणार आहे. पत्र तुमच्या हातात पडेल तोवर ती माझ्याशी बोलते आहे की नाही, हे तुम्हाला कळलेलं असेल. बोलत असली तरी आणि नसली तरी हे पत्र तिला वाचायला द्या. फक्त ता. क. १ तेवढं फाडून घ्या.