सुईणीची चौकशी

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद. फोन खिशात असताना आप्पा कागद घेऊन का बसले, असे तुला वाटेल. फोनवर माझे काय होते ते तुला माहीत आहे. तू बोलतेस, मी "हं" म्हणतो, आणि तू त्याचा तुला हवा तो अर्थ लावून फोन ठेवतेस. परवाही तेच झाले. तू म्हणालीस, "आप्पा, मी शुक्रवारी बारामतीहून निघते. बाळंतपण घरीच, आईच्या खोलीत. धोंडाबाईंना सांगून ठेवा." मी "हं" म्हणालो. त्यात होकार नव्हता, एवढे आधी सांगतो.

इकडे बरे आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. तुझी रंगूकाकू दोन वेळची भाकरी आणून देते आणि मी जेवलो की नाही हे भांडी उचलताना बघते. कारखाना सुरू झाल्यापासून रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. इंदापूरला जायचे म्हटले तरी मोटारसायकल खाली घालून थांबावे लागते. तुझ्या आईचे वर्षश्राद्ध पौषात येते आणि तुझी तारीखही पौषातलीच आहे. ते तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. माझ्याही मनात आहे.

माझा स्वभाव संशयी आहे असे तुझी आई म्हणायची. कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी गेली, दुसरे काय होणार. भरलेली गाडी काट्यावर आली की सगळे खूश असतात. ऊस उतरवून रिकामी गाडी परत मोजायची म्हटले की मात्र ड्रायव्हरला घाई होते, कोणाला तहान लागते, कोणाला गावचा फोन येतो. पण रिकामी गाडी मोजल्याशिवाय ऊस किती आला हे देवालाही सांगता यायचे नाही. तेव्हापासून मला कोणी मोठा आकडा सांगितला की मी विचारतो, रिकामी मोजली का?

जावईबापू यशराजच्या मित्राने सुचवलेल्या, घरी येऊन बाळंतपण करणाऱ्या पुण्याच्या त्या मॅडम तुला आठवत असतील. मोबाईलवर त्या गोड बोलल्या. श्वास कसा घ्यायचा, दिवा कुठे लावायचा, संगीत कोणते. मी त्यांना एकच विचारले, "बाई, अडलं तर कुठल्या दवाखान्यात नेणार?" त्या म्हणाल्या, "काका, निगेटिव्ह विचार करायचाच नाही." मी फोन यशराजकडे दिला. तू हसलीस आणि म्हणालीस, "बघा, मी म्हटलं नव्हतं? आपली धोंडाबाईच बरी." मग मी धोंडाबाईची चौकशी सुरू केली. तुला सांगितले नाही. सांगितले असते तर तू रागावली असतीस.

तिच्यावर माझा संशय दहाव्यापासूनचा होता. तू ओसरीवर रडत बसली होतीस आणि ही बाई तुझ्या शेजारी येऊन म्हणाली, "रडू नगंस बाय. तुझ्या पोटी येनार हाय ती. हितंच येनार. डाव्या खांद्यामागं चिंचोक्याएवढा काळा डाग असंल. तेवढा बघायचा आन् वळखायचं." तू रडायची थांबलीस. माझ्या अंगावर मात्र काटा आला. तुझ्या आईचा तो डाग तुला माहीत होता, मला माहीत होता. या नरसिंहपूरच्या बाईला कसा माहीत? मला वाटले, हिने कोणाकडून तरी काढून घेतले आहे आणि आता माझ्या पोरीला बांधून ठेवते आहे. पुढे चार-पाच महिन्यांनी तू गोड बातमी दिलीस, आणि तेव्हापासून तुझ्या तोंडी दवाखान्याचे नाव आले की "दवाखान्यानंच आईला नेलं" एवढेच असते. छकुली, त्या दिवशी बाहेर येऊन मला सांगणारा डॉक्टर पोरसवदा होता. त्याच्या बाह्या वर होत्या आणि त्याला माझ्याकडे बघवत नव्हते. मी कोणावरही संशय घेतो. त्याच्यावर घेता आला नाही.

गावात धोंडाबाईबद्दल विचारले तर सगळे तिचे नाव काढतात. रंगूकाकू म्हणाली, "भावजी, तिच्या हातनं एक बी बाळंतीन वाया गेली न्हाय. तुमी कशाला पोलिसावानी हिंडताय?" मी विचारले, मधेच जीपमध्ये घालून ज्यांना इंदापूरला नेले त्या कोणाच्या हातच्या? त्यातली एखादी गेली तर ती दवाखान्याच्या नावावर, आणि घरी सुटली ती धोंडाबाईच्या नावावर, असाच हिशेब ना? काकू म्हणाली, "तुमास्नी बोलायचं म्हंजी येक कामच हाय." पण ती विचारात पडली. आणि मग भांडी उचलता उचलता सहज म्हणून गेली की आईला शेवटचे पाणी घातले तेव्हा धोंडाबाईही होती.

मी हातातला तांब्या खाली ठेवला. तू तेव्हा अजून वाटेत होतीस. बायकांनी अंगणात चादरी धरल्या होत्या आणि आम्ही पुरुष पाठ करून उभे होतो. तू आलीस तेव्हा आईला हिरवी साडी नेसवून झाली होती, मळवट भरून झाला होता. आत कोण कोण होते हे तू विचारले नाहीस, मीही नाही. अशा वेळी कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी मी नरसिंहपूरला गेलो. पकडायलाच गेलो होतो, खोटे कशाला बोलू. देवळाच्या मागच्या अंगाला तिचे घर आहे. ती उन्हात पाय पसरून बसली होती आणि पायांवर एक तान्हे पोर पालथे घालून तेल लावत होती. शेजारी बाजेवर कानाला फडके बांधलेली तिची नात. धोंडाबाई म्हणाली, "या आप्पासाहेब. काट्यावरचं सायेब आमच्या दारात कसं? माझं वजन करताय व्हय?" मी म्हणालो, "करायलाच आलोय मावशी." ती खळखळून हसली. म्हणाली, "मग आदी च्या घ्या, न्हायतर वजन कमी भरंल."

चहा येईपर्यंत काय बोलायचे म्हणून मी नातीला विचारले, "घरीच मोकळी झालीस का गं आजीच्या हातून?" तिने मान हलवली. "न्हाय ओ आजोबा, बारामतीला. सिझर झालं. बीपी वाढलं व्हतं. आजीच म्हनली, हितं थांबायचं न्हाय, गाडी बोलवा."

मी धोंडाबाईकडे बघितले. मला वाटले, सापडली. स्वतःच्या नातीला बारामती आणि माझ्या पोरीला आईची खोली. मी म्हणालो, "मावशी, माझ्या लेकीचंही बीपी गेल्या महिन्यात वाढलंय. पायाला सूज आहे. डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलंय." तिचा तेलाचा हात तिथेच थांबला. "मला न्हाई बोलली ती," धोंडाबाई म्हणाली. "फोनवर धा बारी इचारलं मी. पाय सुजलं का, डोकं दुखतंय का, डोळ्यापुढं चमकतंय का. न्हाई म्हनली. समदं न्हाईच म्हनली."

मला हे यशराजने सांगितले होते. त्याला बोलू नकोस. तो घाबरला आहे आणि तू त्याचे ऐकत नाहीस. इतकी वर्षे मी ट्रॉलीत दगड शोधले, छकुली, आणि या वेळी लपवाछपवी निघाली ती माझ्या घरची. त्या बाईसमोर मला खाली बघावे लागले. ती मात्र मला बोलली नाही. बाळाला नातीकडे दिले आणि हात पुसत म्हणाली, "मग म्या हात लावनार न्हाय. साडी-चोळी दिली, पाया पडली, तरी न्हाय."

मग मी डागाचे विचारले. ती जरा चकितच झाली. "पानी मीच घातलं की तिच्या आईला. पाठ मीच चोळली. दिसला डाग." मी म्हणालो, "मग पोरीला तसं सांगायचं होतं. ती समजते तुम्हाला दृष्टांत झाला." तिने तेलाची वाटी बाजूला सारली. म्हणाली, "आप्पासाहेब, पोरगी रडू रडू निळी पडली व्हती. तुमी भिताडाला टेकून बसला व्हता, तोंडात मूग धरून. कुनीतरी कायतरी बोलाया नगं व्हय? तुमी बोलला असता तर म्या कशाला बोलले असते?" निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ती बाळासाठी येत न्हाई हितं. आईसाठी येतीया. तिला सांगा तुमी. माझं ऐकायची न्हाई आता."

म्हणून हे लिहितो आहे. शुक्रवारी निघू नकोस. आठवड्याची तपासणी चुकवू नकोस, आणि डॉक्टरांना सगळे खरे सांग, डोके दुखते ते सुद्धा. मला ते कसे कळले असे विचारू नकोस, फोनवर तू बोलताना मधेच थांबतेस ते मला ऐकू येते. सुईण मी निवडली आहे. दवाखान्यात ज्या सिस्टरची पाळी असेल ती. धोंडाबाईही येणार आहे, पण नंतर, टाके वाळल्यावर. तेल लावायला, शेक द्यायला. ती स्वतः म्हणाली. मी तिची पुन्हा चौकशी करणार नाही.

बिरूच्या दुधाच्या टेम्पोत या पत्राबरोबर एक गाठोडे आहे. तुझ्या आईच्या सुती साड्या कपाटात तशाच होत्या, मी त्यांना हात लावला नव्हता. या आठवड्यात काढल्या. रंगूकाकूने आणि मी मिळून त्या फाडून बाळासाठी दुपटी केली. मला सरळ फाडता येत नाही, वाकडी आहेत ती माझी. गाठोडे तिकडे येते आहे, म्हणजे तुला त्यासाठी इकडे यायला नको. आई यायची असेल तर तिला बारामती काही नवी नाही. तू कॉलेजात होतीस तेव्हा दर गुरुवारी एसटीने डबा घेऊन तीच जायची, आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावरच उतरायची. यायची नसेल, तर या खोलीतही यायची नाही. मी रोज तिथेच झोपतो, म्हणून सांगतो. बाळाचा खांदा मी बघणार नाही असे म्हणत नाही. बघेन. डाग नसला तरी बाळ आपलेच आहे. दुपटी सगळी धुऊन, उन्हात वाळवून पाठवली आहेत. गाठोड्याच्या तळाशी जांभळ्या काठाचे एक आहे, ते तेवढे धुतलेले नाही. ते बाळासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. दवाखान्यात उशाला घे.

तुझाच,
आप्पा