आपल्या सासूबाईंचा हात आणि तीन विमा कंपन्या

मु. केदारखेडा, ता. भोकरदन

प्रिय साडूभाऊ अंगदराव यांस,

कारभारीचा रामराम. इकडं सगळे खुशाल. तिकडं तुमची, सुरेखाताईंची अन् तुमच्या गुडघ्याची तब्येत कशी आहे? (गुडघ्याचं वेगळं विचारतो, कारण मागच्या भेटीत तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलत होता.) फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. पण घरात फोन कानाला लावला की आपल्या सासूबाई, म्हणजे मामी, शेजारी येऊन बसतात, अन् पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

मामींचा हात मोडल्याचं तुम्हाला कळालं होतं, पण कसा मोडला ते बराबर कळालं नसेल. शहागडला भाचीच्या साखरपुड्याला मी अन् मामी निघालो होतो. जालन्यातून मी फोनवरून गाडी बोलावली. (अनोळखी माणूस नुसतं बोट लावल्यानं दारात येतो, हे मामींना बिलकुल पटेना.) ड्रायव्हर इजहार जालन्याचाच, शांत माणूस, गाडीची चाल बेताची. अंबड सोडलं अन् शेतवाटेवरून एक ट्रॅक्टर इकडंतिकडं न बघता थेट सडकेवर आला. इजहारनं त्याला चुकवून गाडी नाल्यात घातली. ट्रॅक्टरला काही नाही, मला काही नाही, मामींचं उजवं मनगट मात्र गेलं. (मांडीवरचा लाडवाचा डबा शाबूत राहिला. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता.)

मंग सुरू झाला विम्याचा खेळ. फोनवरची गाडीवाली कंपनी म्हणाली, बुकिंग जावयाच्या नावावर, म्हणून त्यांच्याकडचा विमाही जावयाचाच. (म्हणजे ज्याला खरचटलंसुद्धा नाही, त्याचा.) गाडीची विमा कंपनी म्हणाली, चूक ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरची विमा कंपनी म्हणाली, आमचा ट्रॅक्टर गाडीला शिवलाच नाही, गाडी आपल्या मनानं नाल्यात गेली. आमच्या वकिलांनी जवळची वाट दाखवली : ड्रायव्हर भरधाव होता एवढंच सांगा, भरपाई जल्दी मिळेल. मी मान डोलावणार तेवढ्यात मामी म्हणाल्या, “आन् त्या लेकराचं लायसन गेलं तर? त्यानं नाल्यात घातली म्हणून मी हितं बसून बोलून राह्यले. खोटं बोलून हाड जुळत न्हाई, वकीलसाहेब.”

अन् दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या थेट ट्रॅक्टरवाल्या राधेश्यामच्या घरी गेल्या. या गृहस्थानं पोलिसांना सांगितलं होतं की ट्रॅक्टर शेतातच उभा होता. मला वाटलं, आता भांडण होणार. मामींनी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला, त्याच्या आईच्या दम्याची चौकशी केली, म्हशीचं कौतुक केलं, चहा घेतला. अपघाताचा शब्द नाही! राधेश्याम त्या हाताकडं बघायचा अन् नजर फिरवायचा. शेवटी त्याच्याच्यानं राहवेना. “मावशी, चुकलं माझं. मी बघितलंच न्हाई. पण केस झाली तर?”

“केस तर झालीच हाय. लायसन हाय ना तुझं?”

“हाय.”

“ट्रॅक्टरचा विमा?”

“त्यो बी हाय.”

“मंग भरपाई तुझी कंपनी देईल. तू कशापायी लपून राह्यलास?”

जालन्याच्या लोकअदालतीत राधेश्याम आला अन् सगळ्यांसमोर खरं बोलला. तरी कंपनीचे वकील अडून बसले. वय झालेलं, बाई घरातच असतात, कमाई काही नाही, मग नुकसान कसलं? मामी उठल्या. “साहेब, आज घरी जाऊन एका हातानं पायजम्याची नाडी बांधून बघा. बांधता आली तर मला काईच देऊ नका.” अख्खी खोली हसली. न्यायाधीशसाहेब चष्मा पुसत बसले. वकीलसाहेबांचा हात नकळत कमरेला गेला (पॅंट होती, तरी). कंपनीनं मामींची भरपाई तिथल्या तिथं मान्य केली, अन् इजहारवर ठपका आला नाही. तो बाहेर येऊन मामींचा प्लास्टरचा हात धरून “अम्मा, अम्मा” करत रडायला लागला. मामी म्हणाल्या, “रडू नको. साखरपुडा तर हुकला, आता लग्नाला तूच ने.” अन् खरंच त्याच्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसून गेल्या. अंगदराव, इतकी वर्षं या बाईंना मी फक्त जेवायला वाढताना बघितलं होतं. आपण दोघं फार नशीबवान जावई आहोत, हे मला त्या दिवशी कळालं.

तुमच्या मेहुणीचा, दैवशालाचा, तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमचा साडू,
कारभारी

ता. क. : आता मुद्द्याचं. प्लास्टर निघून किती दिवस झाले, पण मामी इथंच आहेत. कुणाच्या जीपला धक्का लागो की कुणाची म्हैस मरो, माणूस सल्ल्याला माझ्या ओसरीवर. चहा माझा. शिवाय मामी रोज माझ्या मोटारसायकलची कागदपत्रं तपासतात. सुरेखाताईंना आईची आठवण येत असेलच. पोळा झाला की येऊन दोन-चार महिने घेऊन जावं. (माझं नाव सांगू नये.)

ता. क. दुसरा : वरचं सगळं रद्द समजा. हेच पत्र टाकायला निघालो अन् भोकरदनला एका जीपनं मागून उडवलं. पाय प्लास्टरमध्ये आहे. जीपच्या विमा कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, चूक तुमचीच, उद्या घरी येऊन समजावतो. मामींना कुठंही न्यायचं नाही. त्यांनी त्याच्यासाठी आत्तापासून चहाची भांडी घासून ठेवलीत, अन् मला त्या माणसाची कीव येऊन राह्यली.