सुमनवैनीची खोळ

बुधवार, आषाढ. संध्याकाळ.

बांधावरून भांडण झाल्यापासून शेजारची सुमनवैनी माझ्याशी बोलत नाही. तरी आज आमच्या लावणीला आली. सावड आहे ना! गेल्या आठवड्यात मीही मुकाट्याने तिची लावणी करून आले होते. दिवसभर माझ्या बाजूला वाकून भात लावलंन, पण शब्द नाही. चहा पुढे केला तर म्हणाली, "लावणीला आलेय, पाहुणचाराला नाय."

गेली तेव्हा डोंगरावरून सर उतरत होती. आता बघते तर तिची प्लास्टिकची खोळ आमच्या पडवीत, खुंटीला. विसरली असेल.

पण भर पावसात खोळ कोण विसरतं?

सकाळी नेऊन देते. तिने चहा विचारलान, तर पिऊनच येईन.