बिनकोळशाची टोपली

प्रिय राजनंदिनी,

प्रिय म्हणायला जीव होत नाही, पण तुझी आई म्हणते पत्र असंच सुरू करतात. लिहितेय ती, बोलतेय मी. कडू लागलं तर तिच्यावर रुसू नकोस.

तू सांगलीला इतिहास शिकायला गेलीस. कॉलेजनं विज्ञानाचा एक पेपर सक्तीचा केला तर केवढी आदळआपट केलीस! लढायांच्या सनावळ्या पाठ करणारीला प्रयोग कशाला, म्हणालीस. आणि शेवटी प्रोजेक्ट केलास तो माझ्यावर. 'ग्रामीण अंधश्रद्धा'. वळवाचे ढग गडगडले की अंडी नासतात, म्हणून आजी अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली कोळसा ठेवते, असं फोटोसकट छापलंस. फोटोत माझा पदरही धड नाही. विसात एकोणीस मार्क पडले, आणि तुझ्या बापानं, मानसिंगानं, ते साऱ्या भावकीला मोबाईलवर धाडलं. आता शेजारची हरणाबाई दारातनं हाक मारते, "काय अंधश्रद्धा, चहा झाला का?"

लय राग आला. तुला खोटं पाडायचं म्हणून मी दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या. अकरा-अकरा अंडी. एका टोपलीत कोळसा, दुसरीत नाही. तुझी आई म्हणाली, आत्याबाई, कशाला जिवाला घोर? म्हटलं, तू गप दिवस मोज. एकवीस दिवसांत चारदा असं गडगडलं की म्हैस दावं तोडायला बघत होती.

कोळशाच्या टोपलीत आठ पिल्लं निघाली. बिनकोळशाच्या टोपलीत नऊ.

हरले मी. साठ वर्षं कोळसा ठेवला तो फुकट. तुझी आई हसतेय, तेही लिही म्हटलं तिला. पण मी तिला विचारलं, ह्या प्रोजेक्टात पोरीनं अंडी कुठं मोजलीत? तिनं तीनदा चाळलं. कुठंच न्हाई. मोबाईलातलं उतरवलंस, टोपलीत एकदा वाकूनसुद्धा बघितलं नाहीस, आणि आंधळी मी?

हे पत्र त्याचसाठी आहे. तुझ्या सरांपुढं उभी राहून मोठ्यानं वाच. मार्कांचं काय करायचं ते ते बघतील. वाचल्याशिवाय ह्या दारात पाऊल टाकू नकोस. आणि वाचलंस, तर लवकर ये. एकदा मोजून काय ठरतं? आणखी दोन कोंबड्या खुडूक झाल्यात, मी त्यांना थोपवून धरलंय. ह्या वेळी अंडी तू मोजायचीस.

राग उतरला नाही तरी तुझीच,
आजी
(शाईचा अंगठा माझा. डाग तुझ्या आईनं पाडलाय.)