पाइपला बांधलेली तार

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा फोडते आणि तुम्ही भलतंच उत्तर देता, म्हणून पत्र. पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाची नोकरी बरी चाललीय, पण बायकांच्या शॉवरखोलीनं डोकं खाल्लंय. ओल्या हातानं नळ धरला की झिणझिण्या येतात. मी स्वतः दोनदा धरून पाहिला, मनगटापर्यंत मुंग्या आल्या. गुडघ्याच्या व्यायामाला येणाऱ्या मास्तरीणबाई काल दचकून घसरल्या. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलं.

तलाव समितीचे अध्यक्ष म्हणतात, हे बायकांच्या मनाचे खेळ. मी खोलीला कुलूप ठोकलंय, पण पंधराला शर्यती आहेत आणि त्याआधी उघडा म्हणून त्यांचा धोशा आहे. वायरमन गीझर बदलून गेला, फरक काही नाही. तुमचा जन्म या कामात गेला, सांगा, कुठे शोधू?

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहेच, थोडी अक्कलही पाठवा.

तुमची,
ठकी

ता. ६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आधी तुझा कान पिळतो. एकदा झिणझिण्या आल्यावर नळ पुन्हा धरायला तुला कुणी सांगितलं होतं? कुलूप लावलंस हे उत्तम. खुद्द अध्यक्ष किल्ली मागायला आले तरी देऊ नकोस.

मनाचे खेळ मीटरवर दिसत नाहीत. लायसन्सवाला वायरमन बोलाव आणि नळ व मोरीची जाळी यांच्यात किती व्होल्ट येतात ते मोजून घे. मग एकेक स्विच पाडत जा. ज्यानं आकडा कोसळेल तिथं चोर. चोर सापडला तरी थांबू नका, त्याची अर्थिंगची तार कुठे जाते ते शेवटपर्यंत बघा. नुसता गीझर बदलणं म्हणजे ताप आल्यावर चादर बदलणं.

गोळ्या घेतो. तुझी आई समोर उभी असते, न घेऊन सांगतो कुणाला!

तुझ्या काळजीत,
बाबा

ता. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चोर सापडला. मीटरवर चौतीस व्होल्ट. गीझरचा स्विच पाडला, दिव्यांचे पाडले, आकडा ढिम्म. पाण्याच्या पंपाचा पाडला आणि शून्य! पंपात ओल शिरून वीज गळतेय. त्याची अर्थिंगची तार जमिनीत जातच नाही, मागच्या बाजूला पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलीय. पाइप जमिनीत पुरलेला होता तोवर खपून गेलं. गेल्या वर्षी प्लंबरनं पुरलेला भाग प्लास्टिकचा केला. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही, म्हणून आता गळती सरळ नळांत येते.

वायरमन हसून म्हणाला, कोण दीडशहाणा हे करून गेला. मला हसू आलं नाही. तारेचं टोक दुमडून वेढ्याच्या आत खोचलं होतं, कुणाचं बोट कापू नये म्हणून. तसं खोचायला मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत.

चौदाला समितीला अहवाल द्यायचाय. त्यात मूळ काम कुणाचं, असा रकाना आहे. माहीत नाही असं लिहिलं तर कुणाला कळणार नाही. काय लिहू? मी रागावलेले नाही. फक्त तुमची फार आठवण येतेय.

ठकी

ता. ११ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

काम माझंच. एकतीस वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, खाली कातळ लागला, अर्थिंगचा खड्डा होईना. तार पाइपला बांधली आणि म्हटलं, खड्डा पुढच्या आठवड्यात. तो आठवडा आलाच नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण सरळ सांगायचा धीर झाला नाही. लेकीसमोर खाली मान घालणं फार जड जातं गं.

रकान्यात माझं नाव लिही, पूर्ण. नाव नसेल तर माझी बाकीची कामं कोण तपासणार? अशीच घाई केलेल्या आणखी चार जागांची यादी सोबत जोडतो.

आता पंप बदला, खरा खड्डा खणा, नळ-पाइप-जाळ्या जाड तारेनं एकत्र जोडा आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा.

राग आलाच तर कळव, पण पत्रं थांबवू नकोस.

बाबा

ता. २४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शर्यती आठवडाभर पुढे गेल्या आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. मीटरवर शून्य. मास्तरीणबाई इतका वेळ शॉवरखाली उभ्या होत्या की बाहेर रांग लागली. अध्यक्षांनी अहवाल दोनदा वाचला आणि स्वतःची चूक अशी नावानिशी कबूल करणारा माणूस पाहिला नव्हता म्हणाले.

तुमच्या यादीतल्या तीन जागी नंतर कुणीतरी खरा खड्डा केलेला निघाला. चौथ्या जागी, मुलींच्या वसतिगृहात, पाइप गेल्याच महिन्यात प्लास्टिकचा झाला होता. अजून कुणाला झटका बसला नव्हता. परवा तिथंही खड्डा झाला.

तिथं वायरमननं तारेचं टोक तसंच सोडलं होतं. मी दुमडून आत खोचलं.

सुट्टीत येतेय. तोवर लोभ आणि गोळ्या, दोन्ही चालू ठेवा.

तुमचीच,
ठकी