पालकाच्या सहीचा रकाना

प्रति,
मा. शिष्यवृत्ती अधिकारी,
पूर्णाकाठ विज्ञान विद्यापीठ,
अमरावती.

विषय : बी.एस्सी. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी कु. प्रणाली श्याम ताथोड हिचा गरजू विज्ञान विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज पित्याच्या सहीशिवाय स्वीकारण्याबाबत.

संदर्भ : १) आपले त्रुटीपत्र, दि. ११ जुलै २०२५.
२) आपले दुसरे त्रुटीपत्र, दि. ८ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी खाली सही करणारा रामराव संपत कोरडे, वय ७२, राहणार हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. वरील विद्यार्थिनीच्या उजव्या हाताला प्लास्टर असल्याने हा अर्ज तिच्या वतीने लिहीत आहे. अर्ज लांबला आहे याची मला जाणीव आहे. तरी तो शेवटपर्यंत वाचावा. आपल्या दोन्ही पत्रांतील प्रत्येक मुद्द्याचे उत्तर त्यात आहे.

१. निवृत्तीनंतर मी घराच्या ओट्यावर सकाळी गावातली मुले बसवतो. प्रणाली तिसरीत असताना तिथे येऊ लागली. तिचे वडील श्याम यांचे बसस्टँडजवळ वेल्डिंगचे दुकान आहे. ते गेट, ग्रिल, टिनाचे शेड करतात आणि त्यांच्या हाताला सफाई आहे. ओट्यावर पहिल्याच आठवड्यात प्रणालीने मला विचारले, "गुरुजी, बाबा म्हनतात त्या उजेडाकडे पाहू नको. आन् सोता काळ्या काचेतून पाहतात. त्या उजेडात असं काय हाये?" मी तिला न दिसणाऱ्या किरणांबद्दल सांगितले. दुसऱ्या दिवशी ती दुकानातली जुनी काळी काच फ्रॉकमध्ये लपवून घेऊन आली आणि तिने ओट्यावरच्या सगळ्या मुलांना त्यातून सूर्य दाखवला. संध्याकाळी काच जागेवर नाही हे श्यामच्या लक्षात आले. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पाठीवर लोखंडी पट्टीचे वळ होते. ती भिंतीला न टेकता बसली आणि तिने विचारले, "गुरुजी, चंद्र त्याच्यातून दिसते का?"

ही मुलगी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे की नाही याबद्दल आपल्या समितीला शंका असल्यास एवढे पुरेसे व्हावे. बारावीचे गुणपत्रक सोबत आहेच.

२. सन २०१९ मध्ये पोळ्याच्या दिवशी श्यामने पत्नी चंदा हिच्या डोक्यात लोखंडी अँगलचा तुकडा मारला. कारण जेवणात मीठ कमी होते, असे त्याने गावात सांगितले. चंदाचे म्हणणे आहे की मीठ बरोबर होते. तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. चार दिवसांनी डोक्याला पट्टी असतानाच ती मुलीला घेऊन सकाळच्या एसटीने अमरावतीला निघून आली. आज ती राजापेठेत ट्यूशनला येणाऱ्या मुलांच्या खानावळीत पोळ्या लाटते. मायलेकी खानावळीच्याच मागच्या खोलीत राहतात. त्या दिवसापासून श्यामने त्यांना काहीही दिलेले नाही. म्हणून प्रणालीने जूनमध्ये भरलेल्या अर्जात 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात आईचे नाव लिहिले आणि आईच्याच उत्पन्नाचा दाखला जोडला. ते खरे होते. तिला खरे लिहायला मीच शिकवले आहे.

३. दि. ११ जुलैच्या पत्राने आपण तो अर्ज परत पाठवला. पिता हयात असल्याने 'पालकाची सही' या रकान्यात पित्याचीच सही लागेल आणि अर्जदाराचे नवे हमीपत्र जोडावे लागेल, असे त्यात होते. पत्र घेऊन मायलेकी माझ्याकडे हिवरखेडला आल्या. चंदा म्हणाली, "गुरुजी, हिले त्याच्या दुकानात पाठवू नका. मले तो मानूस माहीत हाये."

मी तिला सांगितले, "कागद पुरा झाला पाहिजे, चंदा. तो बाप आहे. आणि माझा विद्यार्थी आहे. मी सोबत जातो."

महोदय, या अर्जात ज्यांच्यावर दोष ठेवायचा त्यांत पहिले नाव माझे आहे. ते का, हे मुद्दा ५ मध्ये येईल.

४. दि. २१ जुलै रोजी सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी व प्रणाली दुकानात गेलो. श्यामने माझ्या पाया पडून खुर्ची दिली, चहा सांगितला. मुलीकडे त्याने पाहिले नाही. त्याने अर्ज हातात घेतला, माझ्याकडून पेन घेतले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागला. मला बरे वाटले. असेच वाचायला मी त्याला शिकवले होते.

बोट 'कुटुंबप्रमुख' वर थांबले.

"कुटुंबप्रमुख चंदा?" तो म्हणाला. "आन् मी काय मेलो? गुरुजी, मी मेलो काय?"

मी म्हटले, "श्याम, तो फक्त रकाना आहे रे."

"कोन्या हातानं लिवलं हे?" त्याने मुलीला विचारले. प्रणाली खोटे बोलली नाही. तिने उजवा हात पुढे केला. कदाचित तिला वाटले असेल की बाप अक्षराबद्दल विचारतो आहे. अक्षर तिचे सुंदर होते.

त्याने तो हात मनगटाला धरून ऐरणीवर दाबला आणि हातोडा उचलला. पहिला घाव बोटांवर बसला. मी उठेपर्यंत दुसरा पंजावर बसला. तो आवाज लोखंडाचा नव्हता. मी त्याच्या हाताला लोंबकळलो. त्याने मला झटकले आणि मी कापून ठेवलेल्या अँगलच्या ढिगावर पडलो. माझ्या कपाळाला सात टाके आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पडल्या पडल्या मला दिसत होते. मुलगी ओरडत नव्हती. तोंड उघडे होते, आवाज येत नव्हता. श्याम तिच्या केसांना धरून माझ्याकडे पाहून ओरडत होता, "तुमीच शिकोलं ना मले? बापाच्या सहीबिगर पुस्तक पुरं होत नाई! घ्या सही! घ्या!"

रस्त्यावर माणसे जमली होती. दोघांनी मोबाइल वर धरले होते. आत फक्त शेजारचा पंक्चरवाला कुर्बान आला. श्यामने हातोडा टाकून वेल्डिंगचा पेटता होल्डर उचलला आणि कुर्बानच्या दंडावर लावला. कुर्बानने तशाच हाताने त्याचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटले, पुन्हा आपटले, तो खाली बसेपर्यंत आपटत राहिला. मग मला म्हणाला, "गुरुजी, उठा! पोरीले पयले गाडीत टाका. रडाचं मंग पाहू."

कुर्बानच्या ऑटोतून आम्ही अकोल्याला निघालो. प्रणालीचा हात माझ्या धोतराच्या सोग्यात गुंडाळला होता. अर्ध्या वाटेत तिला आवाज आला. पहिले वाक्य असे होते : "गुरुजी, फॉर्म तिथंच राहला."

कुर्बान म्हणाला, "अवं माय, हात फुटला तुहा, फॉर्मचं काय घेऊन बसली?" तरी मला व तिला दवाखान्यात सोडून, जळलेल्या दंडाला नुसती पट्टी बांधून तो परत गेला आणि अर्ज घेऊन आला. अर्ज ऐरणीखाली पडला होता.

५. आता सहीबद्दल. सन १९९४ मध्ये श्याम पाचवीत माझ्या वर्गात होता. सहामाहीच्या प्रगतीपुस्तकावर वडिलांची सही आणायची होती. त्याला गणितात अकरा गुण होते. त्याचे वडील खुशालराव यांचा मारका हात गावाला माहीत होता. श्यामने त्यांची सही स्वतःच केली. मी ती ओळखली, कारण तो 'ख' मीच त्याच्याकडून गिरवून घेतला होता. मी त्याच्या उजव्या तळहातावर दहा छड्या मारल्या आणि वर्गासमोर सांगितले की बापाच्या सहीशिवाय पुस्तक पूर्ण होत नाही. खालच्या बाजूला लाल शाईने तक्रार लिहून त्याला घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आले. सही खरी होती. श्यामच्या त्याच हाताला फडके बांधले होते. खुशालरावांनी तापलेले उलथणे तळहातावर दाबून धरले होते, हे मला त्याच दिवशी कळले. मी सही तपासली, बरोबरची खूण केली आणि पुस्तक कपाटात ठेवले.

हे मी श्यामची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. त्याने जे केले ते मोठ्या माणसाने आपल्या मुलीच्या हातावर हातोड्याने केले. तो अटकेत आहे. पोलिसांना मी जे पाहिले ते सर्व सांगितले आहे आणि न्यायालयातही सांगेन. हे लिहितो ते एवढ्यासाठी, की पस्तीस वर्षे मी शेकडो मुलांना सहीसाठी घरी पाठवले. सही आली की पाहिली. हात पाहिले नाहीत. आणि सगळे ठाऊक असताना या वर्षी पुन्हा एका मुलीला त्याच घरच्या सहीसाठी मी स्वतः बोट धरून नेले, कारण एक रकाना कोरा होता.

६. हातात तारा घातल्या आहेत. प्लास्टर सहा आठवड्यांचे आहे. दोन बोटे पूर्ण मिटणार नाहीत असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. म्हणून आपण मागितलेल्या नव्या हमीपत्रावर तिने डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि सर्व कागद आम्ही ४ ऑगस्टला जमा केले. त्यावर आपले दुसरे पत्र आले, ते असे :

(अ) मूळ अर्ज मलिन असून तो नव्याने भरावा.
(आ) अर्जदार विज्ञान शाखेची बारावी उत्तीर्ण असताना अंगठा उमटवते, ही बाब संशयास्पद आहे. जूनमधील सहीशी जुळणारी सही करावी.
(इ) पिता न्यायालयीन कोठडीत असल्यास कारागृह अधीक्षकांमार्फत त्याची सही प्राप्त करावी.

(अ) चे उत्तर : तो डाग अर्जदाराच्या रक्ताचा आहे. ते पान आता बदलणार नाही.

(आ) चे उत्तर : जूनमधील सही ज्या हाताची होती तो हात जूनमध्ये होता तसा आता नाही.

(इ) बाबत मी, चंदा व प्रणाली १३ ऑगस्ट रोजी आपल्या कार्यालयात आलो होतो. आपण दौऱ्यावर होता. खिडकीवरील कर्मचाऱ्यांना मी सारे सांगितले. ते उद्धट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, पाणी दिले. त्यांतले एक म्हणाले, "काका, माझा नाइलाज हाये. बाप जिता हाये ना? मंग सही पायजे. मेला असता तर सोपं होतं, मृत्यूचा दाखला जोडला की झालं."

चंदाने ऐकू येणारा उजवा कान खिडकीकडे केला होता. ती शांतपणे म्हणाली, "कधीपर्यंत पायजे दाखला, साहेब?"

खिडकीमागचे सगळे हसले. मी चंदाकडे पाहिले. ती हसत नव्हती. महोदय, ही बाई सहा वर्षे मुकाट्याने पोळ्या लाटते आहे. श्याम आज ना उद्या जामिनावर सुटेल. त्याने आतून निरोप पाठवला आहे की बाहेर आल्यावर दुसरा हात. त्या दिवशी परत जाताना चंदा राजापेठेतल्या भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली आणि तिने भाजीच्या सुरीऐवजी हाड तुटेल अशी सुरी मागितली. मी ती घेऊ दिली नाही. "काहून नको, गुरुजी?" तिने विचारले. तुम्ही कायद्याने वागा, कागद रीतसर भरा, एवढेच मी आयुष्यभर शिकवले. तिच्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्या कार्यालयाकडून यायचे आहे.

प्रणालीने त्या दुकानाच्या पायरीवर बसून आईला एकच विचारले, "तू आत गेली तर माझ्या फॉर्मवर कोनाची सही घेऊ?"

७. कागद स्वीकारण्याची मुदत २२ ऑगस्टला संपते. प्लास्टर सप्टेंबरमध्ये निघेल. शिष्यवृत्ती मंजूर न झाल्यास फी भरता येणार नाही आणि महिनाअखेर तिचा प्रवेश रद्द होईल. मग राजापेठेतल्या त्या खोलीत राहण्याचे तिला काही कारण उरणार नाही. हिवरखेडहून तिचे काका न्यायला येणार आहेत. त्यांनी तसे कळवले आहे. काय ठरवून येणार आहेत तेही कळवले आहे : श्यामविरुद्धची तक्रार मागे घ्यायची आणि दिवाळीआधी लग्न. मुलाला हाताचे सांगितले आहे, त्याची हरकत नाही.

यास्तव विनंती की,

'कुटुंबप्रमुख' व 'पालक' या दोन्ही रकान्यांत श्रीमती चंदा ताथोड यांचे नाव व सही ग्राह्य धरावी. अर्जदाराची डाव्या हाताची सही हीच यापुढे तिची सही समजावी. नियमात पुरुषाचीच सही बसत असेल तर माझी घ्यावी. मी तिचा कोणी लागत नाही. जबाबदारी मात्र माझ्यावर येते, ती का हे वर लिहिले आहे. आणि कारागृहात सहीसाठी मी जाणार नाही, तिलाही जाऊ देणार नाही, याची नोंद घ्यावी. नियमभंग होत असल्यास तो माझ्या नावावर लिहावा.

प्लास्टर घातल्याच्या चौथ्या दिवसापासून प्रणाली दवाखान्याच्या खाटेवर डाव्या हाताने गिरवू लागली. मी रेघा आखून देत होतो. 'प्र' तिला पहिल्यांदा उलटा येत असे. ती चिडून वही फेकायची, मी उचलून आणायचो. कुर्बान दंडाला मलम लावून घ्यायला यायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, हिचं अक्षर तं माह्यासारखं दिसून राहिलं." त्यावर ती हातोडा पडल्यानंतर पहिल्यांदा हसली. वर्गातली आणि ओट्यावरची मुले मी पन्नास वर्षे गिरवताना पाहिली. इतक्या रागाने गिरवणारे मूल पाहिले नव्हते. कागद फाटेपर्यंत ती पेन दाबते. मी तिला सांगितलेले नाही की हलके धर.

२२ ऑगस्टला सकाळी कार्यालय उघडताच आम्ही तिघे आपल्या दारात असू.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, नम्र,

(सही)
रामराव संपत कोरडे
सेवानिवृत्त शिक्षक, हिवरखेड
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत जोडलेले कागद :
१. बारावीचे गुणपत्रक व आईच्या उत्पन्नाचा दाखला.
२. अकोला येथील डॉक्टरांचे प्रमाणपत्र व हाताच्या फोटोंची प्रत.
३. पोलीस तक्रारीची प्रत. साक्षीदार म्हणून माझी व कुर्बानची सही आहे.
४. मूळ अर्ज, डागासह. त्यातील पित्याच्या सहीची जागा कोरी आहे. ती नजरचुकीने राहिलेली नाही.
५. डाव्या हाताच्या सह्यांचे एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेले. सुरुवातीच्या ओळी वाचता येणार नाहीत. कृपया पान उलटावे आणि शेवटची सही वाचावी.